सरकी गोडाऊनातून बाहेर येण्याचा रस्ता

१

पानाला धनी लागतो. हे वाक्य मी आमच्या जिनिंगमध्ये इतक्या वेळा म्हटलं आहे की लोक मला पाठीमागे ‘धनीबाई’ म्हणतात. म्हणू देत. आर्वीच्या बाहेर, पुलगाव रस्त्याला आमचं जिनिंग-प्रेसिंग आहे. केळझरला आणि पुलगावला खरेदीची केंद्रं आहेत. कापसाचा हंगाम संपला की मशिनं झाकली जातात, मजूर गावी जातात आणि उरतो तो ऑफिसचा कारभार. धाकटे मालक रजतशेठ पुण्याहून शिकून आले तेव्हा त्यांनी कंपनीची आतल्या आत चालणारी साइट काढली. बाहेरच्या कुणाला ती दिसत नाही, फक्त आमच्या लोकांना आमच्या कंप्युटरवर दिसते. नाव ठेवलं ‘ओसरी’, आणि ती झाडायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पडलं ते मनापासून केलं, हेही सांगते. प्रत्येक पानाखाली एका माणसाचं नाव आणि तो बसतो ती जागा आलीच पाहिजे. लोक विसरतात, म्हणून आमच्या कंप्युटरवाल्या रुपेशनं पानाचा साचाच तसा केला आहे: नाव रिकामं राहिलं तर पान बनवणाऱ्याचं नाव आपोआप पडतं. मथळा लोकांच्या तोंडातला हवा. ‘रजा धोरण’ कुणी शोधत नाही, ‘सुट्टी कशी मागायची’ शोधतात. आणि पानावरचं लिहिलेलं खोटं ठरता कामा नये. कॅन्टीन अकराला उघडतं असं लिहिलं तर ते अकराला उघडलंच पाहिजे, नाहीतर माणूस पुन्हा त्या पानावर फिरकत नाही.

डबा खाऊन झाला की मी शोधाचा अहवाल बघते. कोणत्या कंप्युटरवरून काय शोधलं गेलं, एवढंच त्यात दिसतं. शोधणाऱ्याचं नाव दिसत नाही, त्यामुळे लोक मोकळेपणानं लिहितात. ‘पगार कवा’, ‘आज भजे हाय का’, ‘शेठ कुठी गेले’. जे शोधून सापडलं नाही, त्याचं पान बनवायचं, हा माझा आवडता नियम. मे महिन्यातल्या एका दुपारी, भज्यांच्या खाली, एक ओळ होती: ‘बाहेर येचा रस्ता’.

मला हसू आलं. कुणीतरी नवा ट्रकवाला आवारात भटकला असेल, असं वाटलं.

२

दुसऱ्या दिवशी तीच ओळ होती. तिसऱ्या दिवशीही. मग मी कंप्युटरचं नाव बघितलं. आमच्याकडे कंप्युटरची नावं जागेवरून आहेत, म्हणजे बिघाड झाला की कुठे जायचं ते कळतं. या ओळीपुढे लिहिलं होतं: सरकी गोडाऊन.

सरकी गोडाऊन जळून गेलेलं आहे. कापसातून रुई निघाली की उरते ती सरकी. तिचा ढीग आतून तापतो आणि कधी कधी आपोआप पेटतो. गेल्याच्या गेल्या हंगामात तसं झालं. गोडाऊनचा कारकून तानबा मेन स्विच पाडायला आत गेला, आणि मग छप्पर बसलं. आग विझल्यावर लोकांनी राख चाळून पाहिली. काही म्हणजे काहीच मिळालं नाही. शरीर नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून कंपनीच्या यादीत तानबा आजही ‘कामावर’ आहे. त्याचं ओसरीचं खातंसुद्धा चालू आहे. त्याच्या जागेवर त्याची बायको सुलोचना वजनकाट्यावर लागली.

मी रुपेशला बोलावलं. कंप्युटर, तारा, कॅमेरे सगळं तोच बघतो.

“म्याडम, जुनं नाव दुसऱ्या मशिनले लागलं असन,” तो म्हणाला. “नाईतं केबल उंदरानं खाल्ली असन, सिस्टीम कायबी दाखवते मंग.”

“उंदरानं खाल्लेली केबल मराठीत टाइप करते का रे?”

“मंग कोनी मस्करी करून राह्यला. तुमी मनावर नोका घेऊ.”

मी मनावर घेणारी नव्हतेच. माझे बाबा शिक्षक होते. आमच्या बैठकीत भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या असत आणि घरात भूतखेत या शब्दाला उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. अंधारात भीती वाटली तर बाबा दिवा लावत नसत, हात धरून तिथे नेऊन दाखवत. तेव्हा जाऊन बघायचं, इतकंच मला सुचलं.

३

भर दुपारी गेले. आमच्याकडे मे महिन्यात त्या वेळी कुत्रंही सावली सोडत नाही. सगळं जिनिंग मुकं होतं. फक्त ऑफिसच्या कूलरची घरघर मागे राहिली, आणि लिंबाच्या झाडापाशी तीही ऐकू येईनाशी झाली.

गोडाऊनच्या तीन भिंती उभ्या आहेत, काळ्या. छप्पर नाही. आत ऊन ओतल्यासारखं पडलेलं आणि जळक्या तेलाचा खवट वास अजून तसाच. कोपऱ्यात जिथे टेबल होतं तिथे भिंतीतून नेटवर्कची तार बाहेर आली होती आणि तिचं टोक वितळून गोळा झालं होतं. मी तो गोळा बोटांनी दाबून पाहिला. त्यातून मुंगी जाणार नाही.

समाधान झालं. वळले, आणि मागे टक टक असा आवाज आला. थांबला, पुन्हा आला. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत कुणी टाइप करावं तसा. तापलेल्या विटा तडकतात, मी स्वतःला सांगितलं. तापलेल्या विटा तडकतातच. तरी मी येताना जेवढी सावकाश आले होते तेवढी जाताना गेले नाही.

खोलीत येऊन पाणी प्यायले आणि अहवाल उघडला. सरकी गोडाऊनपुढे दोन नव्या ओळी होत्या.

‘अंधार हाय’.

‘आता कोन आलतं’.

४

खरं सांगायचं तर मला सुलोचनाचा संशय आला. तानबाचं खातं चालू आहे, त्याचा पासवर्ड तिला माहीत असणार, आणि दुःखानं माणूस काय काय करतं. आम्ही दोघी एकाच विहारात जायचो. नातेवाइकांनी किती समजावलं तरी तिनं तानबाचं पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसामागे करायचा विधी, करू दिला नव्हता. जोडवी उतरवली नव्हती. ती चालली की फरशीवर जोडव्यांचा बारीक आवाज यायचा आणि ऑफिसातल्या बाया एकमेकींकडे बघायच्या.

वजनकाट्याची केबिन माझ्या खिडकीतून समोर दिसते. बाहेर ट्रक उभा राहायची लोखंडी फळी, आणि केबिनच्या माथ्यावर मोठे लाल आकडे, म्हणजे ट्रकवाल्यालाही आपलं वजन दिसावं. मी गेले तेव्हा सुलोचना डबा उघडत होती. डब्यात तिच्या एकटीच्या भुकेपेक्षा जास्त भाकरी होत्या. मी आडून आडून विचारलं. तिला लगेच कळलं.

“मले मराठी टायपिंग येते का प्रेरणाताई? मी इथी नुसते आकडे टाकतो.” मग तिचा हात थांबला. “काय लिवते तो?”

मी म्हटलं, तो म्हणजे कोण, असं काही नाही, कुणीतरी मस्करी करतंय.

“काय लिवते?”

मी सांगितलं. बाहेर येचा रस्ता. अंधार हाय. ती घाबरेल असं मला वाटलं होतं, पण ती रागावली.

“इतके दिवस इचारून राह्यला, अन् तुमी कोनी त्याले सांगत नाई? तुमीच तं म्हनता, जे सापडत नाई त्याचं पान बनवा. मंग त्याचं काऊन नाई बनवलं?”

“ताई, असं कुणी नसतं हो.”

“नसन तं नसन. पान बनवाले काय जाते तुमचं?”

तिच्या डोळ्यांत जी आशा होती तिची मला भीती वाटली, आणि दयाही आली.

५

मी पान बनवलं. तिचं समाधान होईल, मस्करी करणारा ओशाळेल, एवढाच विचार होता. पण एकदा हातात घेतल्यावर माझ्याच्यानं वाईट पान बनत नाही. मथळा: ‘सरकी गोडाऊनातून बाहेर येण्याचा रस्ता’. खाली छोटी छोटी वाक्यं. टेबल सोडा. उजवा हात भिंतीला ठेवून चाला, भिंत संपेल. समोर लिंबाचं झाड. झाडावरून सरळ, वजनकाट्याच्या पुढून. ऑफिसचा जिना चढा. जिन्याजवळची पहिली खोली. दार उघडंच असतं.

प्रसिद्ध केलं आणि चहाला गेले. परत आले तर पानाच्या तळाशी ‘या पानाचा उपयोग झाला का?’ या प्रश्नापुढे एका वाचकानं ‘होय’ दाबलं होतं. त्या दिवसापासून सरकी गोडाऊनकडून एकही ओळ आली नाही. रुपेश म्हणाला, पाहा, मी म्हटलंच होतं.

मग दुसऱ्या एका दुपारी ओळ आली: ‘प्रेरणा म्याडम कोन’. कंप्युटर: वजनकाटा.

मी खिडकीतून पाहिलं. सुलोचना केबिनबाहेर बादलीत पाणी भरत होती. केबिन रिकामी होती.

मी धावत पान उघडलं. तळाशी, साच्यानं आपोआप टाकलेलं: ‘अडचण आल्यास भेटा: प्रेरणा, जिन्याजवळची खोली.’ जागा रिकामी ठेवू नका म्हणून सगळ्या जिनिंगला ओरडणारी मी, आणि माझ्याच पानावर ती जागा रिकामी सोडली होती.

पुढची ओळ टाइमकीपरच्या टेबलावरून आली. ते टेबल जिन्याखाली आहे आणि टाइमकीपर हंगाम संपल्यापासून सुट्टीवर आहे. ‘पायऱ्या कोन्या बाजूनं’, असं विचारलं होतं.

मी दाराची कडी लावली. उकडत होतं, कूलर चालू होता, तरी खोलीत जळक्या सरकीचा वास यायला लागला. तो कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांतून येतो आहे का, ते मी नाक लावून पाहिलं. नव्हता येत. जिन्यावर काहीतरी जड टेकलं. बराच वेळ गेला आणि पुन्हा टेकलं, जरा वर. मी मोठ्यानं म्हटलं, कोण आहे? आवाज थांबला. कुणी ऐकत असावं तसा थांबला.

संध्याकाळी झाडायला आलेल्या कौशल्याबाई दारातूनच कुरकुरल्या. “बाई, हे असे काये पाय घेऊन कोन वर आलतं? सकायीच पुसलं होतं म्या.” जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत काजळीचे ठसे होते. वर येणारे होते. उतरणारा एकही नव्हता.

६

मी सुलोचनाला सगळं सांगितलं. तिनं मला शेवटपर्यंत बोलू दिलं आणि मग एवढंच म्हणाली, “माह्या खिडकीपुढून गेला अन् थांबला नाई.”

“ताई...”

“थांबन कसा? तुमी लिवलं सरळ जा, तो सरळ गेला. सांगितलं तेवढं करनारा मानूस हाय तो. स्विच पाड म्हनलं, पाडाले गेला.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “खाली तुमचं नाव काऊन टाकलं? माहं टाका. रस्ता इथंवर आना फक्त. जेवाले येईन तो माह्याकडं.”

मी नको म्हणायला हवं होतं. तिला घेऊन विहारात जायला हवं होतं, तिच्या भावाला फोन करायला हवा होता. पण मला आतून हायसं वाटलं, आणि ते मी लपवणार नाही. जिन्यावरचं ते जे काही होतं ते माझ्या दारातून वळून दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं, आणि ती दुसरी कुणी त्याची वाट बघत होती. मी तिच्यासमोरच पान बदललं. जिन्याची वाक्यं काढली. तळाशी लिहिलं: सुलोचना, वजनकाट्याची केबिन. दार उघडंच असतं, हे वाक्य तिनं राहू द्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीशी उभी होते. आवारात चिटपाखरू नव्हतं. सुलोचना केबिनच्या दारात उभी होती, लग्नाला निघाल्यासारखी नीट नेसलेली, हातात डबा. काट्याच्या फळीवर काही नव्हतं. माथ्यावर लाल शून्य होतं.

मग शून्याचे साठ किलो झाले.

फळीवर काही नव्हतं. मी डोळे चोळले, काच पुसली. साठ. काटा उन्हानं बिघडतो, असं मी मनात म्हणत होते, तोवर सुलोचना हसली. मी तिला तशी कधी हसताना पाहिली नव्हती. तिनं डबा खाली ठेवला आणि फळीवर पाय ठेवला. आकडा शंभरावर गेला. तिनं हात पुढे केला, कुणाचा तरी धरावा तसा.

आणि आकडा उतरायला लागला. ऐंशी. चाळीस. मी खिडकी बडवली, ओरडले. तिनं वर पाहिलंही नाही. आकडा शून्य झाला तेव्हा सुलोचना काट्यावर उभीच होती, तिचा पदरही हलत होता.

मी जिना उतरून पोचेपर्यंत फळी मोकळी होती. डबा होता. फळी इतकी तापलेली होती की माझ्या चपलेचा तळ चिकटला.

७

पोलीस आले, चौकशी झाली. बाई कुणाबरोबर तरी निघून गेली, असं जिनिंगमध्ये ठरलं, आणि काही बायांना ते ठरवून बरंही वाटलं. कॅमेऱ्यात काय आहे म्हणून मी रुपेशला विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “उन्हाची चमक हाय नुसती, म्याडम. काई दिसत नाई.” मग म्हणाला, “तुमी ते पान काढून टाका.”

मी काढायला बसले, खरंच बसले. पण हात चालेना. ती माझ्या पानावर भरवसा ठेवून गेली होती. ते जिथे आहेत तिथे अंधार आहे आणि तिथून निघायचा रस्ता फक्त या एका पानावर लिहिलेला आहे. पान गेलं तर ती दोघं तिथेच राहणार. मी रोज ते उघडायची, ‘काढून टाका’वर बोट न्यायची आणि बंद करायची. अहवालात तिच्याकडून काही येत नव्हतं. भजे, पगार, शेठ.

तानबाच्या वेळचा घोळ पुन्हा नको म्हणून रजतशेठनी नियम केला होता, की न सांगता गैरहजर राहणाऱ्याचं नाव काही दिवसांनी यादीतून आपोआप जाईल. मला तो नियम माहीत होता, त्याचं पान मीच बनवलेलं. तरी मला सुचलं नाही. परवा दुपारी अहवाल उघडला तर सरकी गोडाऊनपुढे ओळ होती.

‘आमाले बाहेर येचं हाय’.

मी आमचं ते पान उघडलं. सुलोचनाचं नाव यादीतून गेल्यामुळे तळाची जागा रिकामी झाली होती, आणि रिकामी जागा साच्यानं भरली होती. अडचण आल्यास भेटा: प्रेरणा, जिन्याजवळची खोली.

मी कडी लावली आणि खुर्चीत बसून राहिले. पळायचं तर जिना एकच आहे. बाबांची फार आठवण झाली. ते असते तर हात धरून मला जिन्यावर घेऊन गेले असते, बघ, काही नाही, म्हणाले असते. मला त्यांचा राग आला, कारण ते नव्हते.

जिन्यावर काहीतरी जड टेकलं. त्याच्यामागून, प्रत्येक पायरीवर, जोडव्यांचा बारीक आवाज. घाई नव्हती. मधलं वळण आलं, गेलं. वास आला. मग दाराबाहेर दोन्ही आवाज थांबले, आणि आपण दुसऱ्याच्या घरी गेल्यावर उभे राहतो तसं बाहेर कुणीतरी उभं राहिलं. दार वाजलं नाही.

समोर अहवाल उघडाच होता. माझा हात माउसवर नव्हता, कळफलकावर नव्हता. नवी ओळ उमटली. कंप्युटरचं नाव होतं जिन्याजवळची खोली.

‘दार बंद हाय, ताई’.

टायपिंग येत नसलं तरी मला ‘ताई’ म्हणणारी सुलोचनाच होती, आणि तिनं रागानं लिहिलं नव्हतं. माझ्या पानावर काहीतरी चुकलं आहे हे ती मला सांगत होती, इतर कुणी सांगावं तसं. मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती.

दार उघडंच असतं, हे मीच लिहिलं होतं. मी उठले. कडीला हात लावला तर ती तव्यासारखी तापली होती. मी पदर गुंडाळला आणि कडी काढली.